पांढरीची सहल

मी नेलेली पहिली सहल पाच ठिकाणांची होती. पहाटे साडेपाचला एसटी हलली, रात्री साडेदहाला परत आली, आणि मधल्या वेळात आम्ही दोन किल्ले, एक देऊळ, एक धरण आणि एक बाग ‘केली’. दुसऱ्या दिवशी वर्गात दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी बसमधल्या भेंड्यांवर लिहिलं. एकानं लिहिलं होतं, ‘किल्ल्यावर खूप दगड होते.’ त्याचं काय चुकलं? दुसरं काही बघ असं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

मी वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. आमच्या सहावीला प्राचीन भारत असतो. त्या फजितीनंतर मी सहल एका प्रश्नावर बांधायला लागले: माणसं इथंच का वसली, आणि वसल्यावर आधी काय केलं? ठिकाणं तीन, त्याहून जास्त नाहीत. आठेक वर्षं ही सहल नेतेय. दरवर्षी काहीतरी फसतं आणि पुढच्या वर्षी दुरुस्त होतं. शेजारच्या दोन शाळांतल्या बाईंनी ‘कसं करता ते लिहून द्या’ म्हटलं, म्हणून हे लिहिते.

सहलीआधीचे पंधरा दिवस

सहल बसमध्ये सुरू होत नाही, गावात सुरू होते. आपल्याकडे जमिनीला काळी आणि पांढरी म्हणतात. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. ही पांढर पांढरट का, हे मुलांना घरी विचारून यायला सांगा. निम्मी पोरं ‘चुन्यामुळे’ सांगतात. खरं कारण साधं आहे. एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली की चुलीची राख, शेण, हाडं, कुजलेलं गवत आणि पडलेल्या मातीच्या भिंती एकमेकांवर साचत जातात. जमीन उंचावते, तिचा रंग उतरतो. दख्खनमध्ये जुन्या वस्त्या शोधणारे लोक नदीकाठानं चालत जातात आणि अशी पांढरी टेकाडं हेरतात. आणि आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हीच माती खत म्हणून गाड्या भरभरून रानात टाकली, म्हणून कितीतरी टेकाडं आता निम्मीसुद्धा उरली नाहीत. आमच्या वर्गात एकाच्या आजोबांनी तर ‘पांढरीची माती टाकली की हरभरा फुटतो’ असा निरोपच धाडला होता.

आमच्या मुलांना उंचीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावात आली तेव्हा जुन्या गावठाणाच्या माथ्यावरच्या घरांना पाणी शिवलं नाही, आणि रस्त्याकडेच्या नव्या प्लॉटांतल्या खिडक्या बुडाल्या. तेव्हा ही मुलं अगदी लहान होती, पण घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ रोज बघतात. मी एवढंच विचारते, ‘जुन्या लोकांकडे ना नकाशा ना हवामान खातं. मग कुठं राहायचं हे त्यांना कळलं कसं?’ उत्तर देत नाही. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहून ठेवायला लावते.

मग काळाची दोरी. मुलांना ‘साडेतीन हजार वर्षांपूर्वी’ हे ‘खूप पूर्वी’ इतकंच कळतं. त्यांच्या लेखी शिवाजी महाराज आणि आदिमानव एकाच गल्लीत राहतात. मैदानावर एक लांब दोरी पसरा. एक पाऊल म्हणजे शंभर वर्षं. आज आपण या टोकाला. बऱ्याच जणांच्या घरात वीज आली ती एका पावलाच्याही आत. महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, साडेतीन पावलांवर. कराडजवळच्या लेण्यांसाठी वीस पावलं चालायची. आणि दख्खनमधल्या पहिल्या शेतकऱ्यांचं जे गाव सगळ्यात नीट खणलं गेलंय, त्या इनामगावच्या सुरुवातीसाठी छत्तीस. आमचं मैदान तेवढं लांब नाही. छत्तिसाव्या पावलाचा मुलगा कंपाउंडबाहेर, बोअरिंगपाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, ‘बाई, मी एकटाच आहे!’ तो आवाज अख्ख्या वर्गाच्या लक्षात राहिला.

इनामगाव आपल्या भागात नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे, आणि एका दिवसाच्या सहलीत आपल्याकडून जाऊन येणं शक्य नाही. जायची गरजही नाही, कारण खणलेलं पुन्हा बुजवलेलं असतं आणि वस्तू संग्रहालयात असतात. पण त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मुलांना घेऊन निघू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढची बारा-पंधरा वर्षं तिथं खणलं. शंभरावर घरं सापडली. लोक इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला आले आणि सातशेच्या आसपास गाव उठलं. चौकोनी घरं, बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाचा सांगाडा आणि गवताचं छप्पर. अंगणात धान्य साठवायचे पेव. नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध. मुख्य पीक जव, जोडीला मसूर, वाटाणा, हुलगा. तांबं होतं पण दुर्मीळ, म्हणून रोजची पाती गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या दगडाची. शेवटच्या काळात पाऊस हटला असावा. गाव गरीब झालं आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या.

एक गोष्ट सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला. तिथं लहान मूल गेलं की दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, बाळाला त्यात ठेवून घराच्याच जमिनीत पुरत. मी सांगते. वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी हळूच विचारतं, ‘म्हणजे ते बाळ घरातच राहायचं?’ हो. यावर अजून काही बोलू नका.

परवानगी, हमीपत्रं, विमा, डॉक्टरांची चिठ्ठी हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. खासगी गाडीच्या भानगडीत पडू नका. तारीख डिसेंबर किंवा जानेवारीची घ्या, पण कारखाने सुरू असतात हे धरून वेळ काढा. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकलात की पाऊण तास गेला. आणि मुलींच्या सोयीचा विचार आधी करा. लेण्यांपाशी काही सोय नसते. आम्ही जाताना वाटेतल्या एका शाळेत आधीच सांगून ठेवतो आणि तिथं पंधरा मिनिटं थांबतो. हे कुठल्याच परिपत्रकात नसतं.

आगाशिवच्या डोंगरावर

पहिलं ठिकाण कराडजवळची जखिणवाडीची लेणी. गावापासून चार-पाच किलोमीटरवर आगाशिवचा डोंगर, माथ्यावर महादेवाचं देऊळ आणि अंगाखांद्यावर साठेक लेणी विखुरलेली. आमच्याकडून तासाभराचा रस्ता. सकाळी आठच्या आत पायथ्याशी असलात तर ऊन लागत नाही.

मुलांना आधीच सांगा की वेरूळसारखं काही दिसणार नाही. ही लेणी साधी, बुटकी, जवळजवळ बिननक्षीची आहेत. मला तेच आवडतं. नक्षी असली की मुलं नक्षी बघतात. इथं बघायला भिंत, ओटा, दार आणि अंधार एवढंच असतं, मग ती राहणाऱ्या माणसाचा विचार करायला लागतात.

पण इथं एक घोटाळा होतो तो टाळा. लेण्यांत राहणारे बौद्ध भिक्षू होते, वसाहत करणारे शेतकरी नव्हते. त्यांनी पेरलं नाही, जनावरं पाळली नाहीत. मग मी या सहलीत लेणी का धरते? कारण भिक्षू रोज भिक्षेला खाली जायचा. म्हणजे चालत जाऊन येता येईल इतक्या अंतरावर, वाढायला उरेल इतकं पिकवणारं गाव असलंच पाहिजे. ते गाव कोणतं हे मुलांना डोंगरावरून शोधायला लावा. खाली कराड दिसतं, नद्या दिसतात. लेण्यांकडे बघून गाव ओळखायचं, हा खेळ मुलांना फार आवडतो.

आणि ते गाव काही बारकं नव्हतं. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला कऱ्हाडच्या लोकांनी दान दिल्याचे लेख तिथल्या दगडी कठड्यावर आहेत, तेही इसवी सनापूर्वीचे. कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांत, कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दान दिल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कराडचा लोखंडवाला घाट उतरून कोकणात जात होता! हे मी डोंगरावर बसूनच सांगते, वर्गात नाही. आमच्या एका मुलाच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्या दिवशी तो जरा ताठच चालत होता.

आत गेल्यावर करायची कामं अशी. चौघा-चौघांचे गट पाडा, प्रत्येक गटाला एक खोली द्या. मोजपट्टी देऊ नका. हातानं, वितीनं, पावलानं मोजू द्या. एका मुलानं दगडी ओट्यावर आडवं व्हायचं आणि बाकीच्यांनी दोन मिनिटं अगदी गप्प राहायचं. मग विचारा: पाठीला काय लागलं? उजेड कुठून येतोय? वारा येतो का? पाण्याचं टाकं कुठं आहे, आणि तिथं पाणी येतं कुठून? छिन्नीच्या घावांवरून हात फिरवायला सांगा, पण कोरायला नाही. आपल्या आधी येऊन गेलेल्यांनी बाण-बदाम कोरून ठेवलेत, तेही दाखवा; मुलांना खरोखर लाज वाटते, हा माझा अनुभव आहे.

मधमाश्यांचं मात्र मनावर घ्या. तिसऱ्या वर्षी आमच्या मागून आलेल्या एका टोळक्यानं कड्यावरच्या मोहळाकडे दगड भिरकावला. आम्ही वीस पावलं पुढे होतो म्हणून वाचलो, तरी तिघांना माश्या चावल्या आणि माझी उजवी पापणी दोन दिवस मिटलेली होती. तेव्हापासून एक शिक्षक आधी वर जाऊन सगळ्या कपारी बघून येतो. मोहळ दिसलं तर ते लेणं सोडून द्यायचं, हळहळायचं नाही. अत्तर, उदबत्ती, धूर, शिट्ट्या सगळं बंद.

खाली उतरताना वाटेवर गार शोधायला लावा. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरी, दुधी, कधी निळसर गार तयार होते. फुटली की तिची कड पात्यासारखी धारदार असते. पहिले शेतकरी तिचीच पाती काढत आणि लाकडात बसवून विळा करत. मुलांना फोडू देऊ नका, डोळ्यात कपची जाते. मी दोन फोडलेले तुकडे डबीत घालून नेते आणि त्यानं एक काकडी कापून दाखवते. कापली जाते, झकास.

संगम, आणि जेवणाची तक्रार

दुसरं ठिकाण कराडचा प्रीतिसंगम. इथं मुलं बागेकडे पळतात. पळू द्या, वीस मिनिटं. मग काठावर बसवून दोन्ही नद्यांचं पाणी कुठून येतं ते हातानं दाखवायला सांगा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, वेगवेगळ्या वाटांनी हिंडून इथं समोरासमोर भेटतात. आता वहीतला तो पहिला प्रश्न काढा. तुम्ही बैलगाडीत बी-बियाणं, दोन गाई आणि म्हातारी आई घेऊन आलात. इथं घर कुठं बांधाल? प्रत्येक गटानं जागा दाखवायची आणि कारण सांगायचं. पाण्याजवळ म्हणणाऱ्याला पुराचं काय ते विचारा, उंचावर म्हणणारीला घागरीचं काय ते विचारा. भांडणं झाली पाहिजेत. गेल्या वर्षी एका मुलीनं सांगितलं, ‘आई म्हातारी आहे म्हणून मी मधे बांधीन, आणि पाणी मी आणीन.’ मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

जेवण सहलीचाच भाग करा. घरून डबा आणायचा नाही असं सांगा, नाहीतर सगळे भडंग आणतात. भडंगात शेंगदाणा, मिरची. दोन्ही अमेरिकेतून आलेली, पोर्तुगीज इकडं यायच्या आधी आपल्याकडे नव्हती. बटाटा, टोमॅटोसुद्धा तिकडचेच. ज्वारी मूळची आफ्रिकेची. मग इनामगावच्या घरात काय शिजलं असेल? आम्ही हुलग्याचं माडगं करतो, मिरचीशिवाय. जवाचं पीठ मिळालं तर त्याची जाडी भाकरी, दूध, मीठ, बोरं. शाळेच्या पोषण आहाराच्या ताई सकाळीच माडगं करून देतात, ते आम्ही डब्यातून नेतो. पहिल्या घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. ‘बाई, हे रोज खायचे?’ रोज. आणि पाऊस पडला नाही तर हेही नाही. मिरचीवरून तक्रार करणाऱ्यांना मी मिरे देते; ते आपलेच आहेत.

ज्यांना कराड लांब पडतं, मिरज-सांगलीकडच्या शाळांना, त्यांनी कोल्हापूरचा विचार करावा. तिथं पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड १९४५-४६ मध्ये खणलं गेलं आणि सातवाहन काळातली वस्ती निघाली. त्या वस्तू टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत, समुद्रापलीकडून आलेली पॉसिडॉनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी काशाची मूर्तीसुद्धा. सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. मात्र काचेमागचं बघून झाल्यावर पंचगंगेच्या काठावर जाऊन बसा, नाहीतर मूर्ती कुठल्या पाण्यावरच्या गावात आली ते मुलांना कळणार नाही.

वसाहतीतली आजी

तिसरं ठिकाण कुठल्या पुस्तकात नाही. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, पुढं जंगल राखीव झालं, आणि त्या खोऱ्यातली गावं उठून आमच्या भागात माळावर वसवली गेली. या वसाहतींत अजून अशी माणसं आहेत ज्यांनी मोकळ्या जागेत पहिली चूल मांडली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईला आपण विचारू शकत नाही. हिला विचारू शकतो.

इथं जायची रीत आहे. आठ दिवस आधी स्वतः जा, घरच्यांची परवानगी घ्या, काय विचारणार ते सांगा. एका वेळी दहा-बाराच मुलं आत, बाकीची देवळापाशी बसवा. रिकाम्या हातानं जाऊ नका. आम्ही हुलगे आणि गूळ नेतो. मोबाइलवर शूटिंग नाही. ‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ हा प्रश्न मुलांना विचारू देऊ नका. प्रश्न हातात घेता येतील असे असावेत: पहिली रात्र कुठं झोपलात? पाणी कुठून आणलं? गावाकडून काय आणलं? पहिल्या वर्षी काय पेरलं?

ज्या आजींकडे आम्ही जातो त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, ‘लेकरांनो, आमी आलो तवा हितं नुसता माळ हुता. ट्रकातनं उतरवलं नि ट्रक गेला. दुसऱ्या दिशी आदी चूल मांडली.’ मग त्या उठल्या, आत गेल्या आणि परसातल्या चुलीकडे बोट दाखवलं. तीन काळे दगड, एकाची कड झिजून गुळगुळीत. ‘ह्ये गावाकडचं. सासूनं मांडल्याली चूल. माळावर काय दगडं न्हवती व्हय? हुती की. पर ही सोडून कसं यावं?’ त्यांनी पाटा-वरवंटा आणला होता, देवाचे टाक आणले होते, नाचणीचं बी आणलं होतं. नाचणी काही त्या मातीला मानवली नाही. दोन वर्षं पेरून बघितली, मग सोडली.

एका मुलानं विचारलं, ‘आजी, हीच जागा तुम्ही का निवडली?’

‘आमी कुठं निवडली? सरकारनं दावली, आमी बसलो.’

परत बसमध्ये तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘बाई, मग पहिला प्रश्न आजींना लागू नाही ना होत?’ मी म्हटलं, वहीत लिही. त्यानं लिहिलं. त्याच्या वहीत पहिल्या प्रश्नाखाली आता दोन रकाने आहेत, ‘निवडून वसले’ आणि ‘बसवले’. हे मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांच्या वहीत ते दोन रकाने पाडून घेते.

कूड आणि पाटा: पुढचा शनिवार

हाताचं काम सहलीच्या दिवशी घालू नका. मी एकदा घातलं आणि सहा वाजता चिखलानं माखलेली ४२ पोरं बसमध्ये चढताना कंडक्टर साहेबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा करा.

आधी एक दुरुस्ती. दळण दाखवायला सगळे जातं आणतात. मीही आणलं होतं. पण गोल फिरणारं जातं नंतरचं, सातवाहनांच्या काळाच्या आसपास आलेलं. पहिले शेतकरी पाट्यासारख्या खोलगट दगडावर, पुढं-मागं रगडून धान्य भरडत. म्हणून पाटा-वरवंटाच घ्या. एक वाटी जव द्या आणि घड्याळ लावा. भाकरीपुरतं पीठ व्हायला आमच्या दोन मुलींना चाळीस मिनिटं लागली, तेही जाडंभरडं. मुलग्यांनाही बसवा, आणि त्यांना आधी बसवा.

कुडाच्या भिंतीला आम्ही चार फूट उंच, पाच फूट लांब असं माप धरतो. दोन टोकांना दुबेळक्याच्या मेढी (वर दोन फाटे असलेले खांब), मधे आडव्या-उभ्या तुराट्या किंवा शेवरीच्या काठ्या, सुतळीनं बांधलेल्या. गिलाव्याला तीन घमेली माती, एक घमेलं भुसकट, अर्धं घमेलं शेण. हे आदल्या दिवशी भिजवून पायानं तुडवायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. न मुरलेला गिलावा वाळला की तडकतो. आमची पहिली भिंत सोमवारी जमिनीवर होती. हात ओला करून खालून वर, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी थापायचं. एका बाजूनं थापलं की दुसरीकडून गळतं.

मेढी रोवताना मागच्या वर्षी आम्ही अडलो. हलत होत्या. तेव्हा बीडकडची एक मुलगी, जी कारखान्याच्या हंगामापुरती आमच्या वर्गात येते आणि एरवी मागच्या बाकावरून एक शब्द बोलत नाही, पुढं आली. ‘बाई, असं नाही. आधी खड्ड्यात दगड टाकायचा, मग मेढ, मग कडेनं बारीक दगड ठोकायचे. माती शेवटी.’ तिनं पहार घेतली, दोन हात खोल खड्डा केला, मेढ उभी केली आणि लाथ मारून दाखवली. हलली नाही. दरवर्षी तिचे आईवडील येतात तेव्हा राहायची कोप ती त्यांच्याबरोबर स्वतः उभी करते. बांबू वाकवून, वर ताडपत्री. इनामगावच्या शेवटच्या काळातल्या गोल झोपड्यांबद्दल मी फळ्यावर जे सांगितलं होतं ते तिच्या हाताला आधीच माहीत होतं. त्या दिवसापुरती ती आमची बाई होती. अशा मुलांच्या वस्तीवर वर्ग घेऊन ‘बघायला’ जाऊ नका. पण त्यांच्यातलं कोणी तुमच्या वर्गात असेल तर कूड कसा घालायचा हे आधी त्याला विचारा.

काम संपल्यावर एक मेढ वेगळी, मोकळ्या जमिनीत रोवा आणि दुसऱ्या दिवशी उपटून काढा. खड्डा राखेनं भरा, वरून माती पसरा, मग खराट्यानं हलकेच ओढा. गोल राखाडी डाग दिसतो. खणणाऱ्यांना असेच डाग सापडतात. लाकूड केव्हाच कुजलेलं असतं, पण डागांच्या रांगा जोडल्या की घराचा आकार मिळतो. हे दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि ‘त्यांना कळलं कसं?’ या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

गावच्या पांढरीवर खापरं दिसतात. मुलं खिशात भरून आणतात. आमचा नियम असा: बघायचं, वहीत चित्र काढायचं, होतं तिथं ठेवायचं. काठीनंसुद्धा उकरायचं नाही.

अहवाल, निबंध, पीपीटी काही मागू नका. मी फक्त नकाशा मागते: आपलं घर, पाणी, चूल, रान, उंचवटा, आणि पूर आला तर पळायची वाट. एवढ्यात कळतं कोणाला काय दिसलं.

आणि कूड मोडू नका. वार्षिक तपासणीच्या वेळी आमच्या हेडसरांनी ‘तो चिखल काढून टाका’ म्हणून दोनदा सांगितलं, शिपाई मामांनी दोनदा विसरल्यासारखं केलं. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, भिंतीचा वरचा भाग घसरला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुराट्या कुजून आडव्या पडल्या होत्या आणि खाली मातीचा बसका ढीग होता, कडेला गवत उगवलेलं. आता सातवीत गेलेली मुलं स्वतःहून तिथं जमली. एकीनं ढिगावर हात उभा धरला आणि मोजलं.

‘चार बोटं, बाई. एका भिंतीची.’

मग ती वळून गावठाणाच्या उंचवट्याकडे बघायला लागली.